शेंदराखालचं कासव

माझ्या थोरल्या जावेवर माझा राग आहे. होता नाही, आहे. ती जाऊन बरीच वर्षं झाली, तिच्या तेरवीच्या पंगतीत मी पदर खोचून वाढलंसुद्धा, तरी आहे. माझ्या मुली म्हणतात, आई, मेलेल्या माणसाचं किती दिवस धरून बसशील. मी म्हणते, माणूस मेलं म्हणून त्यानं केलेलं मरतं का? तुम्ही ते कासव तेव्हा पाहिलं असतं तर मला असं विचारलं नसतं.

कासव माझं होतं, इथून सुरुवात करते. माझं माहेर मेहकरचं. वडिलांचा माळव्याचा, म्हणजे भाजीपाल्याचा, धंदा. चार पट्ट्या रान, मोटेची विहीर, आणि जे पिकेल ते बाजारात नेऊन विकायचं. मी लहान असताना एका पावसाळ्यात वैदू लोकांचं एक बिऱ्हाड आमच्या बांधावर उतरलं होतं. वडिलांनी त्यांना झोपडीत जागा दिली, आईनं भाकरी दिल्या. जाताना त्यांच्यातल्या म्हातारीनं झोळीतून तळहाताएवढं कासव काढून माझ्या ओंजळीत ठेवलं. पाठ काळी, आणि पाठीवरच्या एकेका उंचवट्यावरून पिवळ्या रेघा फुटलेल्या, प्रत्येक उंचवट्यावर एक चांदणी. असं कासव आमच्याकडे कोणी पाहिलेलं नव्हतं. आमच्या नदीतली कासवं चपटी, मातकट रंगाची, आणि माणूस दिसलं की डुबकी मारणारी. हे मात्र रानात चालायचं, उन्हात बसायचं, आणि वाफ्यातली घोळ आणि तांदुळजा खायचं.

एकदा ते हौदात पडलं. मला वाटलं, कासवच ते, पोहेल. ते दगडासारखं तळाला गेलं आणि तिथं पाय झाडत राहिलं. वडिलांनी धोतरासकट उडी टाकून ते काढलं, उलटं धरलं, तेव्हा तोंडातून पाणी आलं. "हे पाण्यातलं नाही, रानातलं जनावर हाय," ते मला म्हणाले. "याले पवता येत नाही. ध्यानात ठेव." मी ठेवलं.

महाराष्ट्र राज्य झालं त्याच्या पुढच्या उन्हाळ्यात माझं लग्न झालं, दुसरबीडजवळच्या एका खेड्यात. तेही माळवं पिकवणारं घर, पण आमच्यापेक्षा मोठं. जमीन जास्त, माणसं जास्त, आणि रुबाब तर फारच जास्त. सासू-सासरे माझ्या लग्नाआधीच गेलेले. घर चालायचं ते भासऱ्यांच्या, म्हणजे नवऱ्याच्या थोरल्या भावाच्या शब्दावर, आणि भासऱ्यांचा शब्द निघायचा थोरल्या जावेच्या तोंडून. कासवाला माझ्यामागं कोण पाहणार म्हणून मी रडून रडून ते बरोबर घेतलं. एसटीत गवत घातलेली दुरडी मी मांडीवर घेऊन बसले होते. नवऱ्यानं एकदा आत डोकावून पाहिलं आणि हसून तोंड खिडकीकडे फिरवलं. माणूस वाईट नाही, एवढं मला तेव्हाच कळलं.

उंबऱ्यावर जाऊ ओवाळायला आली. तिनं दुरडीवरचं फडकं बाजूला केलं आणि तिचे डोळेच चमकले. "लक्ष्मी दोन पायानं आली अन् चार पायानंही आली," ती सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हणाली. बायका हसल्या. मलाही बरं वाटलं, वाटलं जाऊ चांगली दिसते. संध्याकाळी मी कासवाला पाला द्यायला गेले तर दुरडी रिकामी.

ते कोठीत नेलं होतं. कोठी म्हणजे धान्याची खोली, घराच्या अगदी पोटात, तिला खिडकी नाही. ज्वारीच्या कणग्या, डाळींचे माठ, आणि किल्ली जावेच्या कमरेला. कोठीत कासव ठेवलं की धान्य सरत नाही, असं त्यांच्याकडे मानायचे. मी दुसऱ्या दिवशी हळूच म्हटलं, "बाई, त्याले ऊन पायजे हो. ते रानातलं हाय."

"देवाले ऊन लागते का वं?" ती म्हणाली, आणि तिच्या लेखी विषय संपला.

दर शुक्रवारी ती तेलात शेंदूर कालवायची आणि त्याच्या पाठीवर थापायची. मारुतीला, म्हसोबाला थापतात तसा, आधीच्या थरावर पुढचा थर. समोर वाटीभर दूध, साखर, खोबऱ्याचा तुकडा. पाला खाणारं जनावर ते, त्याला दूधसाखर. मी सांगायची, ऐकायचं कोणी नाही. कोठीत मला जाऊ देत नसत. पहिल्या वर्षी नवी म्हणून, आणि पुढे मूल झालं नाही म्हणून. जिची ओटी रिकामी तिनं भरल्या कणगीला हात लावू नये, असं ती शेजारणीजवळ बोलली होती, आणि मला ऐकू जाईल एवढ्या मोठ्यानं बोलली होती.

दुपारी कोठीच्या दाराखालच्या फटीतून आत थोडा उजेड जायचा. त्या वेळी आतून दार खरडल्याचा आवाज यायचा. मी भांडी घासायला मुद्दाम तिथंच बसायची. पहिल्या उन्हाळ्यात तो आवाज रोज यायचा. मग मधूनमधून यायला लागला. मग एका दिवाळीनंतर यायचाच थांबला. मी नवऱ्याला म्हटलं, तुम्ही तरी बोला. तो म्हणाला, "दादानं मले लहानाचं मोठं केलं. मी कोणत्या तोंडानं बोलू?" भावासमोर त्याच्या तोंडाला कुलूपच असायचं. मी तर बोलूच शकत नव्हते. धाकट्या सुनेनं भासऱ्यांसमोर यायचं नाही, आलीच तर पदर ओढून भिंतीकडे तोंड करायचं, आणि त्यांच्याशी बोलायचं तर नाहीच नाही. तीन वर्षं एका घरात राहून मी त्यांचा चेहरा नीट पाहिला नव्हता.

तिसऱ्या वर्षी हिवाळ्यात कोठीतल्या मुगाला भुंगा लागला. त्याच सुमाराला भासऱ्यांना ताप येऊन राहिला. जाऊ एक दिवस सकाळी कोठीतून सुपात काहीतरी घेऊन बाहेर आली आणि ते सूप माझ्यासमोर ठेवलं. सुपात शेंदराचा एक गोळा होता. कोणी सांगितलं नसतं तर हे जनावर आहे हे ओळखू आलं नसतं.

"घे वं तुह्यं कासव," ती म्हणाली. "मरते आता ते. मराचंच असन त तुह्या हातात मरू दे. माह्या कोठीत मेलं त पाप माह्या लेकराइवर येईन. तुह्या मागं कोण हाय?"

ती हे रागानं बोलली नाही. भाजी निवडताना बोलावं तसं बोलली. आजही मला तो आवाज आठवतो आणि अंगाची लाही होते. तिनं मला कासव परत दिलं नव्हतं, कासवाचं मरण दिलं होतं, ते माझ्या पदरात पडावं म्हणून. मी पदर सारखा केला, सूप उचललं आणि मागच्या अंगणात गेले. पण जाता जाता मनात म्हटलं, बाई, आता हे मरणार नाही. तुझ्या नाकावर टिच्चून जगेल, आणि तुझ्या डोळ्यांसमोर चालेल. हे मी दयेपोटी केलं असं कोणी म्हणू नये. माया होतीच, पण मला हात-पाय दिले ते रागानं.

पहिले काही दिवस तर ते जिवंत आहे की नाही हेच कळेना. हातात घेतलं की दगडासारखं जड लागायला हवं, ते वाळलेल्या भोपळ्यासारखं हलकं लागत होतं. डोळे सुजून मिटलेले, नाकातून बुडबुडे. नखं वाढून आत वळलेली, कारण तीन वर्षांत चालायला माती मिळाली नव्हती. पाठीची कड अंगठ्यानं दाबली की दबायची. कासवाची पाठ दबते हे मी आधी कधी ऐकलं नव्हतं. मी त्या पाठीवर हात ठेवून रडले, आणि रडताना जावेला मनातल्या मनात इतक्या शिव्या दिल्या की माझं मलाच नवल वाटलं.

आधी शेंदूर काढायचा होता. सुकून त्याचं दगडी टरफल झालं होतं. रोज सकाळी गोडं तेल चोळून ठेवायचं, दुपारी नारळाच्या काथ्यानं घासायचं. जोर लावता येत नव्हता, खाली पाठ मऊ. घासताना एकेक थर निघायचा, खाली दुसरा निघायचा. हा संक्रांतीचा, हा गुढीपाडव्याचा, हा मी माहेरी गेले होते तेव्हाचा, असं मी मनात म्हणायची. पहिली पिवळी रेघ दिसली तेव्हा मी हातातला काथ्या तसाच ठेवून नवऱ्याला हाक मारली. तो वाफ्यातून चिखलाच्या पायानं आला, वाकून पाहिलं आणि परत गेला. संध्याकाळी येताना त्यानं तुराट्यांचा भारा आणला आणि मागच्या भिंतीशी कुंपण घालून दिलं, सकाळचं ऊन पडेल अशा जागी. भावाला विचारलं नाही. माझ्यासाठी ती फार मोठी गोष्ट होती.

डोळे मी कोमट पाण्यात मिठाचा खडा विरघळवून धुवायची. परातीत बोटभर कोमट पाणी घेऊन त्यात त्याला बसवायची, म्हणजे ते पाणी प्यायचं आणि पोटही साफ व्हायचं. पाणी बोटभरच, जास्त कधी नाही. हाडासाठी चुन्याची निवळी. आमच्या आईनं प्रत्येक पोराला दिली होती, तीच मी पाल्यावर शिंपडायची. पण पाला ते खाईना. डोळे उघडले तरी खाईना. घोळ ठेवली, तांदुळजा ठेवला, जास्वंदीची फुलं ठेवली. ते मान आत घेऊन बसायचं. दुधाची सवय लागली की काय, या भीतीनं माझा जीव टांगणीला लागला. मी पाल्याचा तुकडा त्याच्या तोंडाशी धरून किती दुपारी बसले असेन, मांडीला मुंग्या येईपर्यंत. जाऊ ओसरीवरून बघायची. एकदा म्हणाली, "काऊन वं, माणसाइले भाजी पुरत नाही अन् तू या दगडाले चारून राह्यली?"

"निंदणातलं गवत हाय बाई," मी म्हटलं. "तुमच्या मेथीले हात नाही लावला."

"मले वाटलं होतं, दोन दिवसात सुटन," ती म्हणाली आणि आत गेली. सुटेल म्हणजे मरेल. त्या दिवशी मी तो पाला सोडून उठलेच नाही. आणि ऊन उतरायच्या वेळेला त्यानं मान बाहेर काढली, वास घेतला, आणि घोळीचं एक पान तोंडात धरलं. धरलं आणि तसंच राहिलं, जणू चावायचं कसं ते विसरलं होतं. मग चावलं. मी ओरडले नाही, हसले नाही. ओसरीकडे पाहिलं. ओसरी रिकामी होती, याचं मला फार वाईट वाटलं.

पण पुढे तिला पाहायला भरपूर मिळालं. तशी मी सोयच केली. फाल्गुनापर्यंत पाठीची कड टणक झाली. नखं मी थोडी थोडी कापली, बाकीची चालून झिजली. सगळा शेंदूर निघाला, फक्त खाचांमध्ये तांबडं राहिलं. दुपारी जाऊ ओसरीवर धान्य निवडत बसली की मी कुंपणाची तुराटी काढायची आणि कासवाला अंगणात सोडायची. ते तरातरा, म्हणजे कासवाच्या मानानं तरातरा, तिच्या सुपासमोरून जायचं. शेजारच्या बाया यायच्या. "बाई, काय चांदण्या हायेत," म्हणायच्या. "हे कोठीतलंच का वं?" मी मोठ्यानं म्हणायची, "हो, तेच. शेंदूर काढला फक्त." जावेच्या हातातलं सूप जरा जोरात आपटायचं. तो आवाज माझ्या कानाला फार गोड लागायचा. एकदा तर कासवानं तिच्या सुपातून सांडलेल्या डाळीवरून पाय टाकत वाट काढली, आणि तिला पाय जवळ ओढून घ्यावे लागले. त्या रात्री मला शांत झोप लागली.

मला वाटलं, उट्टं निघालं. जावेला ओळखण्यात मी चुकले.

त्या वर्षी भासऱ्यांनी नवी विहीर खोदायला घेतली होती. सुरुंग लावून खडक फोडला, आणि चैत्रात पाणी लागलं. अखजीला, म्हणजे अक्षय्य तृतीयेला, पूजन ठरलं. पाहुण्यांना बोलावणी गेली, रोडग्यांचा बेत ठरला. आमच्याकडे नव्या विहिरीत कासव सोडायची रीत. पाणी आटत नाही म्हणतात. लोक नदीतलं धरून आणतात आणि सोडतात. ते पाण्यातलंच जनावर, त्याला विहीर काय आणि नदी काय. जाऊ आदल्या दिवशी मला म्हणाली, "नदीवर कशाले जायचं? घरात लक्ष्मी हाय."

"बाई, ते बुडते. त्याले पवता येत नाही."

"कासव अन् बुडते? ऐका वं," ती बाजूच्या बायांना म्हणाली, आणि सगळ्या हसल्या. मी पुन्हा सांगितलं. हौदाची गोष्ट सांगितली. ती म्हणाली, "तुले द्याचं नाही म्हणून बुडते." रात्री मी कासव आमच्या खोलीत घेतलं आणि टोपलीखाली ठेवलं.

सकाळपासून मी रोडगे करायला विहिरीजवळच्या आंब्याखाली होते. गोवऱ्यांच्या धुरात डोळे चोळत, हात कणकेनं भरलेले. इतक्या बाया, इतकी गडबड, की कोण घरी गेलं आणि कोण आलं याचा पत्ता नाही. पूजेच्या वेळी सगळे विहिरीच्या काठावर जमले तेव्हा मी मान उंचावून पाहिलं. भासऱ्यांच्या हातात पितळेचं ताट होतं. ताटात हळदकुंकू, फुलं, आणि मधे माझं कासव. पाठीवर ताजा शेंदूर. एवढे महिने घासून काढलेली पाठ, ती पुन्हा एका सकाळीत लाल केलेली. मान आत घेतलेली होती. शेजारी जाऊ उभी, नवं लुगडं, चेहऱ्यावर हसू.

मी धावले. माणसांच्या घोळक्यातून, भासऱ्यांच्या पाहुण्यांना धक्के मारत गेले. पदर कुठं गेला ते मला कळलं नाही. मी भासऱ्यांच्या समोर जाऊन उभी राहिले, उघड्या डोक्यानं, कणकेच्या हातांनी. आणि तिथं मला कळलं की त्यांना काय म्हणून हाक मारायची हेच मला ठाऊक नाही, कारण कधी मारलीच नव्हती. म्हणून मी हाक मारलीच नाही, सरळ बोलले.

"ते पाण्यातलं नाही. रानातलं हाय. त्याले पवता येत नाही. सोडा तुमी, सोडाच. आज तळाले जाईन, अन् परवा फुगून वर येईन. तुमच्या नव्या विहिरीतलं पहिलं मढं तुमच्या हातचं राहीन."

पूजा सांगणारे थांबले. मागं कोणीतरी पोराच्या तोंडावर हात ठेवला. शुभ कार्यात, विहिरीच्या काठावर, मढं हा शब्द, आणि तोही धाकट्या सुनेच्या तोंडून, भासऱ्यांच्या तोंडावर. तसं आमच्या गावात कधी झालं नव्हतं. मी मुद्दाम तो शब्द वापरला. कासव वाचवायला बुडतं एवढं म्हणणं पुरलं नसतं, आदल्या दिवशी म्हणून पाहिलंच होतं. आणि खरं सांगू का, तो शब्द तोंडातून जाताना मला बरं वाटलं.

जाऊ म्हणाली, "तिचं काय ऐकता? सोडा तुमी." पण तिचे स्वतःचे वडील पाहुणे म्हणून आले होते, ते काठी टेकत पुढे आले. म्हणाले, "थांबा जावईबापू. तोंडातून गेलं तिच्या. आता नका सोडू." जावेनं बापाकडे पाहिलं. तो चेहरा मी डोळे भरून पाहिला. दुसऱ्या कोणी अडवलं असतं तर तिनं त्याला उभा आडवा घेतला असता, पण बापाला काय बोलणार?

भासऱ्यांनी ताट माझ्यासमोर धरलं. "घेऊन जाय," ते म्हणाले. आयुष्यात ते माझ्याशी एवढंच बोलले.

मी कासव उचललं आणि घराकडे चालायला लागले. मागं पावलं वाजली. मला वाटलं कोणी मारायला आलं, तर नवरा होता. पूजा सोडून, भावाला पाठ दाखवून आला होता. घरी आल्यावर त्यानं परातीत पाणी काढून दिलं आणि तेलाची वाटी आणून ठेवली.

त्याच महिन्यात चुली वेगळ्या झाल्या. आमच्या वाट्याला नाल्याकडचं रान आणि जुनी विहीर आली. आम्ही रानातच कुडाचं घर घातलं. जाऊ गावभर सांगत फिरली की धाकटीनं विहिरीला शाप दिला. मी कोणाला नाही म्हटलं नाही. बाजारात दुसरबीडला बाया माझ्याकडे बघून कुजबुजायच्या आणि माझ्याकडून भाजी घेताना किमतीवरून घासाघीस करायच्या नाहीत. तेही मला चाललं.

पुढच्या उन्हाळ्यात नवी विहीर आटली. विहीर खोलच कमी होती, खालचा खडक फोडायचा राहिला होता, आणि वरून इंजिन बसवून दिवसभर उपसा. हे माझ्या नवऱ्यालाही कळत होतं आणि मलाही. पण लोक म्हणाले, कासव सोडलं नाही ना, म्हणून. जावेची मिरची उभी वाळायला लागली. मी आमच्या बांधावरून ती मिरची पाहायची. खोटं कशाला बोलू, दिवसातून दोनदा पाहायची.

वैशाखातल्या एका दुपारी जाऊ माझ्या दारात आली. पायी, डोक्यावर पदर, हातात टरबुजाची फोड. ती माझ्या दारात पहिल्यांदाच येत होती. मी घरात या म्हटलं नाही. ती उन्हातच उभी राहिली.

"एक दिवस दे," ती म्हणाली. "विहिरीत नाही सोडत. काठावर ठेवतो, पूजा करतो, दिवस मावळायच्या आत आणून देतो. शेंदूरही नाही लावत." तिनं फोड या हातातून त्या हातात घेतली. "मिरची गेली त या साली काही हाती लागत नाही वं."

हा दिवस येणार हे मला माहीत होतं. काय बोलायचं ते मी वर्षभर तयार ठेवलं होतं. भाकरी थापताना, निंदताना, पाणी देताना मी ते घोकलं होतं, एकेक शब्द धार लावून. मी उंबऱ्यावर उभी राहिले आणि बोलायला तोंड उघडलं.

तेवढ्यात कासव बाजेखालून बाहेर आलं. टरबुजाचा वास त्याला लांबून यायचा. उंबऱ्यापाशी माझ्या पायाला घासून पुढे गेलं आणि तिच्याकडे चालत निघालं. माझ्या हाताला सरावायला त्यानं किती दुपारी घेतल्या होत्या. तिच्याकडे ते सरळ गेलं, मान लांब काढून. ती खाली बसली, फोड पुढे धरली. त्यानं तिच्या हातातून पहिला घास घेतला, मग दुसरा. लाल पाणी तिच्या बोटांवरून मातीत पडत होतं.

तिनं माझ्याकडे वर पाहिलं. तिचे डोळे भरले होते. "ओयखते वं मले," ती म्हणाली.

मी घोकलेलं सगळं कुठल्या कुठं गेलं. ज्या हातानं याला अंधारात कोंडलं त्या हातातून हे खात होतं, आणि तिला वाटत होतं, याला तिची ओळख आहे, माया आहे. त्याच्या डोक्यात तीन वर्षांची कोठी कुठंच नव्हती. ती फक्त माझ्या डोक्यात होती.

मी पुढे झाले आणि त्याला उचललं. घास अजून तोंडात होता. ती "थांब वं, खाऊ दे त्याले" म्हणाली. मी आत गेले आणि दाराला कडी घातली. बाहेर ती काही वेळ बोलत राहिली. कासव माझ्या हातात पाय झाडत होतं, दाराकडे मान ताणून. माझ्या लुगड्यावर टरबुजाचं पाणी लागलं. तिची पावलं बांधापर्यंत गेल्याचं ऐकू येईतो मी त्याला खाली ठेवलं नाही.